बोलत्या निरोपांची राखण

तुरीच्या हंगामात भालकी-कलबुर्गीकडच्या आडत दुकानाचा फोन रात्रीही वाजतो. कोणी मराठीत, कोणी कन्नडात निरोप ठेवतो : इतकी पोती आणतो, इतक्याखाली देणार नाही. हा आकडा भलत्याच्या कानी गेला तर शेतकऱ्याचे नुकसान ठरलेले.

असे निरोप टिपणारी अॅस्टेरिस्क ही संगणक-प्रणाली मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये तयार केली. आवाज एका फाइलीत. कोणाचा फोन, केव्हा, किती सेकंद ही नोंद दुसरीत. लिनक्सवर फोल्डरची मुभा तिघांना निरनिराळी देता येते : मालक, गट व इतर. वाचणे ४, लिहिणे २, आत शिरणे १. बेरीज आम्हां वाणिज्यवाल्यांना नवी नाही! दोन्ही भाषांच्या मुनीमांचा एक गट करावा व फोल्डरला ७५० द्यावे. मालक म्हणजे सर्व्हर; त्याला सर्व हक्क, गटाला ऐकण्यापुरता, इतर दाराबाहेर. घाईत ७७७ देणे म्हणजे, माझ्या मते, तिजोरी उघडी टाकून झोपणे होय.

गंमत अशी की, फाइल पुसण्याचा हक्क फाइलीवर नसून फोल्डरवर असतो. गटाला फोल्डरात लिहू दिले, तर ज्याला निरोप बदलता येत नाही तोही तो पुसू शकतो. तेव्हा पुसायचा तो फोनवरूनच पुसावा. ते काम सर्व्हर स्वतः करतो.

आरंभी आणखी २ लावून २७५० केले की नवा निरोप आपोआप फोल्डरच्याच गटाचा होतो. फाइलींना ६४० पुरे. मुनीम विंडोजवरून ऐकत असेल तर मध्ये सांबा ही प्रणाली येते. तिची मुभा वेगळी. दोन्हीकडून होकार असेल तरच निरोप ऐकू येतो.