भीती, फेडायच्या राहिलेल्या देण्याची

सर्वांत भयंकर चित्रपट कोणता, असे विचारले की जगभर ठरावीक नावे पुढे येतात. विल्यम फ्रीडकिनचा ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३), कुब्रिकचा ‘द शायनिंग’ (१९८०), हिदेओ नाकाताचा जपानी ‘रिंगू’ (१९९८), अरी ॲस्टरचा ‘हेरेडिटरी’ (२०१८). मराठी प्रेक्षक त्यात रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आणि रामगोपाल वर्मांचा ‘रात’ घालतो आणि अलीकडे हटकून ‘तुंबाड’चे नाव घेतो. पाहताना किंचाळी फुटली ते चित्रपट एकीकडे आणि पाहून झाल्यावर महिनोन्महिने डोक्यातून गेले नाहीत ते दुसरीकडे, अशी या नावांची वाटणी केली, तर दुसऱ्या बाजूच्या चित्रपटांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते. तिथले भूत वाट चुकून आलेले नसते, ते काहीतरी वसूल करायला आलेले असते. कुणाची तरी जमीन लुबाडलेली असते, कुणाचा तरी जीव घेतलेला असतो वा कुणाला दिलेला शब्द मोडलेला असतो, आणि ते देणे पुढच्या पिढीच्या दारात येऊन उभे राहते. मनात घर करणारी भीती ही थकलेल्या देण्याची भीती असते, असे माझे म्हणणे आहे. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडच्या माणसाला ते चटकन पटावे, कारण अदृश्य शक्तींशी इथल्या गावांचा व्यवहार मुळात देण्याघेण्याचाच आहे.

हा व्यवहार समजून घ्यायला थोडा इतिहास लागतो. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि तिथली देवळे पाडली गेली. डिचोली, सत्तरी, पेडणे हे तालुके अठराव्या शतकाच्या शेवटी त्यांच्याकडे आले, पेडणे तर १७८८ मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. त्यामुळे ग्रामदेवता, रवळनाथ, भूतनाथ, वेताळ आणि वेशीवरचे देवचार इथे जागच्या जागी राहिले. देवचार म्हणजे गावाचा राखणदार. हातात दांडा, खांद्यावर घोंगडी घेऊन तो रात्री आपल्या हद्दीतून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्याच्या मोबदल्यात वर्षाकाठी त्याची राखण द्यायची असते: रोट, केळी, कुठे कोंबडा, कुठे सोरो (दारू) आणि विडी. गाऱ्हाणे घालणारा गावाच्या वतीने बोलतो आणि जमलेली माणसे दर वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणून रुजुवात घालतात. तेरेखोल ओलांडून थोडे पुढे गेले की शिरोड्याजवळ आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळ, आहे. त्याला भाविक केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. देव रात्री गावभर फिरतो म्हणून वहाणा झिजतात आणि नव्या द्याव्या लागतात. या मांडणीत भुतांच्या धन्यालाही हद्द आहे, काम आहे आणि मेहनताना आहे.

म्हणून इथे भीती उजेडात, सगळ्यांच्या देखत आणि नेमांनी बांधलेली असते. कोजागिरीला पेडण्याच्या भगवती देवळासमोर पुनव साजरी होते, तेव्हा गोवा आणि सिंधुदुर्गातून माणसांचा लोंढा येतो. भूतनाथाचे तरंग (देवाचे प्रतीक असलेली काठी) अंगावर घेतलेला माणूस आपल्याला देऊळ हवे म्हणून रागाने निघून जायला बघतो. गाव त्याला देऊळ बांधून देण्याचे वचन देऊन, समजूत काढून परत आणतो. दरवर्षी तेच मागणे असते आणि दरवर्षी तेच वचन. फेडायचे राहिलेले एक देणे सबंध गावाने मिळून आठवायचे, अशी ही रात्र आहे. डिचोली तालुक्यातल्या साळ गावात होळीनंतर तीन रात्री गडे होतात. तिथे अंगात आलेली माणसे काळोखात धावत सुटतात, आणि दूर दिसणारा उजेड देवचाराच्या दिवटीचा आहे असे पाहणारे मानतात. दशावतारी काल्यात संकासूर येतो तो काळ्या पेहरावात, काळ्या बुरख्यावर रंगवलेले पांढरे डोळे आणि लोंबती लाल जीभ घेऊन. पोरे आईच्या पदराआड लपतात आणि दुसऱ्या क्षणी त्याच्या मालवणी बोलण्यावर खदखदून हसतात. भीतीची इतकी सवय असलेल्या प्रेक्षकाला पडद्यावरच्या पांढऱ्या साडीचे आणि करकरणाऱ्या दाराचे काय वाटणार? त्याला हादरवायचे असेल तर करार मोडल्याचे दाखवावे लागते.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने नेमके तेच केले. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट हिंदीत असला तरी त्याचे हाडपेर मराठी आहे. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण देणारे, आणि बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतले, जी स्वतः स्टीफन किंगच्या एका कथेवरून बेतलेली होती. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत एका कोकणस्थ घराण्याची तीन पिढ्यांची हाव त्यात येते. हस्तर हा देवीचा पहिला मुलगा. त्याने आईचे सोने घेतले आणि धान्यावर हात टाकायला गेला, तेव्हा इतर देवांनी त्याला अडवले. देवीने त्याला वाचवून पोटात परत घेतले ते एका अटीवर, की त्याची पूजा कधी होता कामा नये. माणसांनी त्याचे देऊळ बांधले, इथेच करार मोडला. पुढचे सगळे त्याचे व्याज आहे. या घराण्यातला विनायकराव दोर धरून देवीच्या गर्भात उतरतो, पिठाचे रिंगण आखतो, भुकेल्या हस्तरापुढे कणकेची बाहुली टाकतो आणि तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटीतल्या मोहरा ओढतो. एका वेळी मूठभरच. ती नाणी वाण्याच्या गल्ल्यावर पडतात तसा त्याचा संसार फुलतो, आणि बाप म्हणून मुलाला शिकवण्यासारखे त्याच्याकडे या चोरीखेरीज काही उरत नाही.

या चित्रपटात सर्वांत अस्वस्थ करते ती मात्र आजी. पहिल्या टप्प्यात ती साखळदंडाने बांधलेली आहे, तिला जेवण भरवायचे आणि ती जागी झाली तर झोपवायचे, हे घरातल्या बाईचे रोजचे काम आहे. पावसात भिजलेल्या अंधाऱ्या घरात एक आई स्वतः घाबरलेली असून, मुलांना धाक घालत, त्या जिवाला घास भरवते आहे, हे दृश्य कुठल्याही रक्तपातापेक्षा जड आहे. पुढे विनायक वाड्यात परततो, तेव्हा त्या म्हातारीच्या देहातून झाड उगवलेले असते आणि तरी ती मेलेली नसते. खजिन्याची वाट सांगण्याच्या बदल्यात ती मागते ती फक्त सुटका, म्हणजे स्वतःला जाळून टाकणे. आजीची ही भूमिका जड रंगभूषेखाली महंमद समद या मुलाने केली आहे, आणि विनायकाचा मुलगा पांडुरंग झाला आहे तोही समदच. एकाच मुलाने घराण्याचा भूतकाळ आणि भविष्यकाळ दोन्ही उभे करावेत, हा योगायोग असो वा योजना, चित्रपटाचा आशय त्यातून फार स्पष्ट होतो. पंकज कुमार यांनी खऱ्या पावसाच्या ढगाळ उजेडात तो चित्रित केला आणि त्यासाठी अनेक पावसाळे वाट पाहिली. पहिल्या प्रदर्शनात गल्ला बेताचाच होता. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने मूळ कमाईला मागे टाकले. धक्क्यावर चालणारा चित्रपट असा सहा वर्षांनी पुन्हा उभा राहत नाही, कारण धक्का एकदा कळला की संपतो.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) खर्चाने लहान, पण त्यातले देणे ‘तुंबाड’पेक्षाही जवळचे आहे. सावकारापासून लपण्यासाठी एक गरोदर बाई नवऱ्यासोबत उसाच्या फडातल्या घरात येते आणि त्या घराने मुलींचे काय केले, ते तिला हळूहळू कळते. पूजा सावंतची धडपड आणि उषा नाईकांची गोड बोलणारी तुळसाबाई यांच्यामध्ये भुते जवळजवळ दुय्यम होतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. हा आकडा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या फडात दडलेले कोण आहे, हे सांगावे लागत नाही. हिंदीत ‘छोरी’ (२०२१) म्हणून तो पुन्हा झाला, तोही फुरियांनीच केला. दूरचित्रवाणीवर २०१६ मध्ये सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ सावंतवाडीजवळच्या आकेरीच्या वाड्यात घडली. तिचे तीन भाग निघाले. पाल्हाळ पुष्कळ होता, पण अण्णा नाईक आणि शेवंता लोकांच्या तोंडी बसले, कारण ती दोघे भुते होण्याआधी एका घराच्या पापाचा हिशेब होती.

यावर पहिला आक्षेप येईल तो रामसेंच्या बाजूने. लोकांनी पैसे मोजले ते राक्षसी चेहऱ्यांना, अचानक कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाला, मग देण्याघेण्याचे तत्त्वज्ञान कशाला? दचकणे ही शरीराची खरी प्रतिक्रिया आहे आणि ती घडवून आणण्यात कसब आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण ‘पुराना मंदिर’ (१९८४) पाहणाऱ्याला आज आठवतो तो सामरीचा शाप: घराण्यातली प्रत्येक मुलगी बाळंतपणात मरणार. रामसेंच्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटाचा कणाही वारशाने आलेले देणे हाच आहे. महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’तला (१९९३) तात्या विंचू मात्र माझ्या म्हणण्यात बसत नाही. रामदास पाध्यांनी घडवलेल्या त्या बाहुल्याने एका पिढीची झोप उडवली, आणि त्याचे कुणाशी जुने देणे नव्हते. ही बालपणीची भीती आहे, जिवंत नसावे ते हलते याची. ती खरी असते, पण वयाबरोबर ओसरते, आणि आज तीच माणसे तात्या विंचूवर प्रेमाने हसतात. ‘तुंबाड’च्या आजीवर कुणी हसताना दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे चित्रपट अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, कोकणाला भुताखेतांचा मुलूख म्हणून बदनाम करतात. ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गातून अशा तक्रारी झाल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, हा इतिहास ताजा असताना हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण तपासून पाहावे ते हे, की चित्रपट दोष कुणाच्या माथी मारतो. भगताकडे जा, लिंबू उतरव, मग सगळे ठीक होईल, असे सांगणारा चित्रपट माणसाला जबाबदारीतून सोडवतो आणि भोंदूंचे काम सोपे करतो. ‘लपाछपी’ आणि ‘तुंबाड’मध्ये कुठलाही मांत्रिक देणे माफ करू शकत नाही. ज्याने केले त्याला किंवा त्याच्या वारसाला ते थांबवावे लागते. पांडुरंग शेवटी मोहरा नाकारतो, एवढाच त्या घराचा उतारा. विवेकवाद्याला याहून वेगळे काय हवे असते?

ही गोष्ट फक्त कोकणातली आहे असेही नाही. ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये (१९८२) अमेरिकन वसाहत कबरस्तानावर उभी राहते. बांधकाम करणाऱ्यांनी वरचे दगड हलवले आणि प्रेते तशीच ठेवली, म्हणून घर खवळते. थायलंडच्या ‘द मीडियम’मध्ये (२०२१) देवाची सेवा एकाच कुटुंबातल्या बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्या येते, आणि एकीने ती टाळल्यावर पुढची भोगते. पेडण्यातल्या तरंगकाठीच्या मानकऱ्याला यातले काहीही परके वाटणार नाही.

गोव्याच्या वाट्याला मात्र भयपट आला तो किनाऱ्यावरचा. ‘गो गोवा गॉन’ (२०१३) मध्ये पार्टीत अमली पदार्थ घेतलेली माणसे झाँबी होतात आणि गोवा नेपथ्य म्हणून उरतो. २००४ पासून पणजीत दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तरी सड्यावरचा, वेशीवरचा, कुळागरातला गोवा भयपटाने फारसा पाहिलेला नाही. डिचोलीत खनिजासाठी डोंगर कापले गेले, झरी आटल्या, शेतांत लाल चिखल उतरला. २०१२ मध्ये न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये ८८ लीजे रद्द केली, आणि खंदकांत पाणी साचून राहिले. पेडण्यात मोपाचा सडा विमानतळाखाली गेला आणि आसपासच्या जमिनी हातोहात विकल्या जात आहेत. जिथे दर डोंगराला राखणदार मानला जातो, तिथे राखणदाराची हद्दच विकली तर राखण कुणी कुणाला द्यायची? सुबोध खानोलकरांच्या ‘दशावतार’ने (२०२५) त्या दिशेने पहिले पाऊल टाकले: दिलीप प्रभावळकरांचा म्हातारा दशावतारी खाणवाल्यांसमोर एकेक सोंग घेऊन उभा राहतो. तो भयपट म्हणून केलेला नाही. तोच विषय, तीच माती घेऊन मराठी वा कोकणीत सरळ भयपट करायला आता कुणीतरी धजावे. पैसा ‘लपाछपी’एवढा पुरेल, आणि कथेसाठी कुठल्याही परदेशी बाहुलीची उसनवारी करावी लागणार नाही.