हृदयाचे शस्त्रवैद्य

वर्धा जिल्ह्यांतील आर्वी, देवळी किंवा समुद्रपूर तालुक्यांतून एखादी बाई धाप लागते म्हणून सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत येते. दोन वर्षांपूर्वीं ती दिवसभर वाकून कापूस वेचीत असे. आतां पाण्याची घागर आणतांना तिला वाटेंत दोनदां बसावें लागतें. रात्रीं आडवें पडलें कीं जीव गुदमरतो, भिंतीला टेकून बसलें कीं कांहींसें बरें वाटतें. तरुण डॉक्टर तिच्या छातीवर नळी ठेवतो, क्षणभर डोळे मिटून ऐकतो. हृदयाच्या एका ठोक्यानंतर दुसरा ठोका पडेपर्यंत जेथें शांतता असावयास हवी, तेथें त्याला दूरवर जातें फिरत असल्यासारखी घरघर ऐकूं येते. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप अरुंद झाली आहे, हें त्याला कळून चुकतें. येथून त्या बाईची वाट कधीं औषधांकडे, तर कधीं हृदयाच्या शस्त्रवैद्यांकडे वळते. या मंडळींविषयीं लोकांच्या मनांत आदर पुष्कळ असतो. परंतु त्यांचा दिवस कसा जातो, त्यांचे हात आणि मन कशांत गुंतलेलें असतें, याची माहिती फार थोड्यांना असते.

ही झडप बिघडते कशी, हें आधीं पाहिलें पाहिजे. लहानपणीं घसा दुखतो, ताप येतो आणि चार दिवसांत उतरतो. घरांत कोणी त्याकडे लक्ष देत नाहीं. परंतु हा घसा विशिष्ट जंतूंमुळें दुखत असेल, तर कांहीं मुलांच्या शरीरांत त्या जंतूंशीं लढण्यासाठीं निर्माण झालेलें बळ चुकून स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटतें. सांधे सुजतात आणि बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र बऱ्या होत नाहींत. त्या जाड होतात, एकमेकींस चिकटतात आणि पंधरावीस वर्षांनीं त्यांचें दार पुरतें उघडेनासें होतें. दाट वस्ती, कोंदट घर आणि वेळेवर न मिळालेलें पेनिसिलिन हीं या रोगाचीं खरीं कारणें होत. श्रीमंत देशांतून हा रोग बहुतेक नाहींसा झाला. आपल्याकडे तो अजून शाळकरी मुलांना गांठतो. एकदां हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनीं पेनिसिलिनचें एक इंजेक्शन अनेक वर्षें देत राहिल्यास पुढचा अनर्थ बहुधा टळतो. शस्त्रवैद्याच्या टेबलावर जें काम चार तास चालतें, त्यांतील बरेंचसें शाळेच्या पडवींत टळण्यासारखें असतें, ही गोष्ट शस्त्रवैद्यच सर्वांत आधीं बोलून दाखवितात.

हृदयाला सुरी लावावयाची नाहीं, असा शस्त्रवैद्यकांत फार काळ संकेत होता. १८९६ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें लुडविग रेन यांनीं भोसकल्या गेलेल्या एका माणसाच्या हृदयाला टांके घातले आणि तो जगला. तरीहि हृदयाच्या आंतील बिघाड दुरुस्त करण्यास पुढें अर्धें शतक जावें लागलें. अडचण उघड होती. विहिरीचा गाळ काढावयाचा तर आधीं पाणी उपसावें लागतें. पण हृदय थांबवून त्यांतील रक्त उपसलें तर मेंदू कांहीं मिनिटांतच मरतो. म्हणून पहिल्या पिढीच्या शस्त्रवैद्यांनीं हृदय चालू ठेवूनच त्यांत बोट घातलें. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक पदर असतो. त्याला भोक पाडून तर्जनी आंत सरकवावयाची, न पाहतां केवळ स्पर्शानें चिकटलेली झडप चांचपावयाची आणि जोर देऊन तिचे सांधे मोकळे करावयाचे. डोळ्यांना कांहीं दिसत नसे. सारें ज्ञान बोटाच्या टोंकाशीं असे. आज हेंच काम पुष्कळ वेळां मांडीच्या शिरेंतून फुगा नेऊन करतां येतें. जपानच्या कांजी इनोउए यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ही युक्ति काढली.

महाराष्ट्रांत या विद्येचें आद्यपीठ म्हणजे मुंबईच्या परळ भागांतील के. ई. एम. रुग्णालय. १९२६ सालीं सुरू झालेलें हें महानगरपालिकेचें रुग्णालय. त्याला जोडलेल्या गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट देणगीबरोबरच घातलेली होती, हें आवर्जून सांगण्यासारखें आहे. येथें डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयशस्त्रक्रियेची मोठी परंपरा उभी केली. सेन यांची जिज्ञासा विलक्षण होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला आंतील पोकळींतूनच थेट रक्त मिळतें, हें लक्षांत घेऊन मनुष्याच्या रक्तहीन झालेल्या हृदयस्नायूला सुईनें बारीक भोंकें पाडावीं, म्हणजे त्यालाहि तसेंच रक्त मिळेल, अशी कल्पना त्यांनीं मांडली आणि १९६५ सालीं ती परदेशांतील शास्त्रीय पत्रांत प्रसिद्ध केली. पुढें लेसरच्या किरणांनीं अशीं भोंकें पाडण्याचे प्रयोग पाश्चात्य देशांत झाले, त्यांचें मूळ या कल्पनेंत सांपडतें.

३ डिसेंबर १९६७ रोजीं केप टाउनमध्यें ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं एका मनुष्याचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविलें. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनीं, फेब्रुवारी १९६८ मध्यें, सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीच शस्त्रक्रिया परळला केली. रोगी कांहीं तासच जगला. या घटनेकडे अपयश म्हणून पाहणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मेंदू मृत झाला म्हणजे मनुष्य मृत झाला, असें मानणारा कायदा तेव्हां या देशांत नव्हता, आणि परकें इंद्रिय शरीरानें झिडकारूं नये म्हणून द्यावयाचीं औषधें बाल्यावस्थेंत होतीं. कायदा १९९४ सालीं संमत झाला. त्याच वर्षीं ३ ऑगस्टला दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. पी. वेणुगोपाल यांनीं केलेलें हृदयारोपण यशस्वी झालें. मधल्या सव्वीस वर्षांत परळच्या त्या खोलींत शिकलेले लोक साध्या, रोजच्या, वर्तमानपत्रांत न येणाऱ्या शस्त्रक्रिया करीत राहिले. सेन यांचे सहकारी डॉ. जी. बी. पारुलकर हे त्यांतील एक मोठें नांव. विदर्भांतून निघालेला रोगी दादरला उतरे, गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेसारख्या ठिकाणीं त्याच्या माणसांना आसरा शोधावा लागे, आणि रोगी वॉर्डांत वाट पाहत पडे.

शस्त्रक्रियेचा दिवस सूर्योदयाच्या सुमारास सुरू होतो. प्रथम अतिदक्षता विभागाचा फेरा. काल ज्यांचीं हृदयें उघडलीं, त्यांच्या छातींतील नळ्यांतून रात्रभर किती रक्त आलें, लघवी किती झाली, हातपाय गरम आहेत कीं गार, हें पाहतात. यंत्रांचे आंकडे भिंतीवर झळकत असतात. तरीहि जुना शस्त्रवैद्य रोग्याच्या पावलावर हात ठेवल्यावांचून पुढें जात नाहीं. पाऊल गार लागलें तर हृदय पुरेसें रक्त ढकलीत नाहीं, हें त्याला आंकड्यांच्या आधीं कळतें.

नंतर शस्त्रक्रियागृह. छातीच्या मधलें हाड करवतीनें उभें चिरून हृदय उघडें करतात. त्याआधीं भूल देणाऱ्या डॉक्टरांनीं आपलें काम केलेलें असतें, आणि तें शस्त्रवैद्याच्या कामाहून तिळभरहि कमी जोखमीचें नसतें. रक्त गोठूं नये म्हणून हेपॅरिन देतात. मग हृदयाकडे येणारें अशुद्ध रक्त नळ्यांनीं बाहेर यंत्रांत घेतात. तेथें त्यांत प्राणवायु मिसळतो, आणि पंप तें रक्त परत महारोहिणींत सोडतो. मिनिटाला चारपांच लिटर रक्त असें फिरत राहतें. हें हृदय-फुप्फुस यंत्र ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फियाच्या जॉन गिबन यांनीं एका १८ वर्षांच्या मुलीवर प्रथम यशस्वी करून दाखविलें; त्यासाठीं त्यांनीं जवळजवळ दोन दशकें घालविलीं होतीं. यंत्रापाशीं बसणाऱ्या तंत्रज्ञाला परफ्युजनिस्ट म्हणतात. सबंध शस्त्रक्रियेंत रोग्याचा प्राण त्याच्या हातांत असतो. पण रोग्याच्या नातेवाइकांना त्याचें नांवहि ठाऊक नसतें.

यंत्र सुरळीत चाललें कीं महारोहिणीला चिमटा लावून हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत पोटॅशियम मिसळलेलें थंड द्रावण सोडतात. हृदय मंदावतें आणि थांबतें. ज्यानें जन्मापूर्वींपासून विसावा घेतला नाहीं, तें हातांतील ओल्या रुमालासारखें निपचित पडतें. येथून घड्याळ चालू होतें. वीसतीस मिनिटांनीं द्रावण पुन्हां द्यावें लागतें. चिमटा जितका अधिक वेळ राहील तितकें हृदय परत जागें होण्यास कष्टी. या अवधींत जुनी झडप कापून काढावयाची आणि नव्या झडपेच्या कडेला पंधरावीस टांके घालून ती बसवावयाची. रोहिणीचें काम असेल तर ती जेमतेम दीडदोन मिलिमीटर रुंद. पायांतून काढलेली शीर तिला केसासारख्या धाग्यानें जोडावयाची. त्यासाठीं डोळ्यांवर भिंगें असतात. टांका सैल राहिला तर रक्त गळतें, फार आवळला तर वाट बंद होते. काम संपलें कीं चिमटा काढतात. उष्ण रक्त आंत शिरतें, हृदय थरथरतें, आणि बहुधा आपण होऊन चालूं लागतें. कधीं विजेचा हलका धक्का द्यावा लागतो. शेवटीं हेपॅरिनचा परिणाम उतरविण्यास प्रोटामिन देतात. तें माशाच्या रेतापासून काढतात, हा सृष्टीचा एक चमत्कारच म्हणावयाचा.

लोक शस्त्रवैद्याच्या बोटांचें कौतुक करतात. बोटें लागतातच, पण तीं सरावानें येतात. कोणाला शस्त्रक्रिया करूं नये, हें ठरविणें अधिक कठीण. फार उशिरां आलेल्या रोग्याचें हृदय इतकें थकलेलें असतें कीं यंत्रावरून उतरेल याची खात्री नसते. नाहीं म्हणावें तर मृत्यु निश्चित. हो म्हणावें तर तो आपल्या हातून होण्याचा संभव. हा निर्णय बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला, बापाला किंवा भावाला त्यांच्या भाषेंत समजावून सांगावा लागतो. त्यांतून जो मृत्यु होतो, तो विभागाच्या बैठकींत सर्वांसमोर उलगडून सांगावा लागतो. कोठें चुकलें, कोणता टांका, कोणता विलंब, असे प्रश्न कनिष्ठ डॉक्टरहि विचारूं शकतात. ही पद्धत ज्या रुग्णालयांत प्रामाणिकपणें पाळली जाते, तेथें विद्या वाढते.

या आयुष्याची किंमत शरीरालाहि मोजावी लागते. पांचसहा तास मान वांकवून उभें राहणें, रात्रीं कोणाच्या छातींतून रक्त थांबेना म्हणून पुन्हां धांवणें, जेवणाची वेळ नसणें, हें सारें नित्याचें. मुंबईचे ख्यातनाम हृदयशस्त्रवैद्य डॉ. नीतू मांडके यांनीं हजारों हृदयें दुरुस्त केलीं. एक भव्य हृदयरुग्णालय उभारण्याच्या धडपडींत असतां मे २००३ मध्यें हृदयविकाराच्याच झटक्यानें ते गेले. साठीहि त्यांनीं पाहिली नाहीं.

शिक्षणहि लांबलचक. एम. बी. बी. एस. साडेपांच वर्षें, एम. एस. तीन, नंतर एम. सीएच. आणखी तीन, आणि त्यानंतरहि स्वतंत्रपणें हृदय उघडण्याचा आत्मविश्वास येण्यास कांहीं वर्षें. वर्गांतले सोबती दवाखाने थाटून बसतात तेव्हां हा दुसऱ्याच्या हाताखालीं चिमटे धरीत असतो. त्यांत १९७७ सालीं झ्यूरिकला ग्रुंटझिग यांनीं फुग्यानें रोहिणी रुंद करण्याची रीत काढली. सोपे रोगी तिकडे वळले आणि शस्त्रवैद्याकडे अवघड, वयस्क, मधुमेही रोगी उरले. अलीकडे या शाखेच्या कित्येक जागा विद्यार्थ्यांवांचून रिकाम्या राहतात. परंतु झडपांचा रोग, जन्मतः हृदयाला छिद्र असलेलीं मुलें आणि अनेक रोहिण्या तुंबलेले रोगी यांना आजहि या हातांची गरज आहे, आणि हात तयार होण्यास दहाबारा वर्षें लागतात. जागा रिकाम्या राहिल्याचा परिणाम आजच दिसत नाहीं, म्हणून त्याची चिंता कोणी करीत नाहीं, एवढेंच.

पैशाचा प्रश्न पूर्वीं याहून भीषण होता. परदेशी झडप गरिबाच्या आवांक्याबाहेरची. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेंत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अनेक वर्षें खपून, पहिले नमुने फसल्यावर, देशी झडप बनविली. ६ डिसेंबर १९९० रोजीं ती प्रथम रोग्याला बसविली. महाराष्ट्रांत २०१२ सालीं सुरू झालेल्या आणि पुढें महात्मा जोतिराव फुले यांचें नांव दिलेल्या जनआरोग्य योजनेंतून अशा शस्त्रक्रियांचा खर्च होऊं लागला. २०१३ पासून शाळांशाळांतून बालकांची तपासणी होते, तींत हृदयाचें छिद्र कळतें. सेवाग्रामला तर १९८० च्या सुमारासच आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांनीं सुगीच्या वेळीं ज्वारी देऊन रुग्णालयाच्या उपचारांचा विमा उतरविण्याची रीत रुळविली होती.

आर्वीकडची ती बाई नवी झडप घेऊन घरीं परतते तेव्हां शस्त्रवैद्याचें काम संपतें, पण उपचार संपत नाहीं. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी बसूं नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी तिला जन्मभर घ्यावी लागते, आणि ती कमी वा अधिक होऊं नये म्हणून वरचेवर रक्त तपासावें लागतें. बरें वाटतें म्हणून गोळी सोडली तर झडप एके दिवशीं अडकते. अधिक झाली तर डोक्यांत रक्तस्राव होतो. मूल हवें असेल तर आधीं डॉक्टरला विचारावें लागतें, कारण ही गोळी गर्भाला बाधते. कापूस वेचण्याच्या हंगामांत मजुरी बुडवून तपासणीला जाणें तिला परवडत नाहीं. म्हणून शहाणा शस्त्रवैद्य निरोप देतांना तिच्या हातांत नुसती चिठ्ठी देत नाहीं. गांवाजवळ रक्त कोठें तपासलें जातें, एस. टी. किती वाजतां सुटते, गोळीची आठवण घरांत कोण करील, हें सारें विचारतो आणि तें तिच्या कार्डावर स्वतःच्या हातानें लिहून ठेवतो.