वेहेरगावचा घुमणारा चैत्य

पुण्याहून लोकलने मळवलीला उतरले की उत्तरेच्या डोंगरात वेहेरगाव लागते. 'विहार' या शब्दावरून हे नाव पडले असे सांगतात. आपण ज्यांना कार्ल्याची लेणी म्हणतो ती याच गावच्या डोंगरात आहेत. तेथील शिलालेखांत या जागेचे नाव 'वलूरक' असे आहे. येथील भिक्खूंच्या निर्वाहासाठी उषवदाताने करजिक गाव दान दिल्याची नोंदही तेथेच कोरलेली आहे.

सहलीला आलेली मुले चैत्यगृहात शिरली की आधी टाळ्या वाजवतात, हाका मारतात. आवाज का घुमतो, हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही. दोष मुलांचा नाही. मीही एकदा उपासकांना घेऊन गेलो आणि दाराशी उभा राहून भराभर माहिती सांगत सुटलो. शेवटी एका आजींनी विचारले, "बाबा, तू काय बोललास?"

कारण साधे आहे. हे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद आहे, आणि सारे एकाच खडकातून कोरलेले. कातळ आवाज शोषत नाही, जवळजवळ सगळा परत फेकतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दारातून निघालेला शब्द स्तूपामागील अर्धगोल भिंतीला लागून परत यायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात आपण पुढचे अक्षर उच्चारलेले असते. शिवाय बाजूच्या भिंती, छत आणि ३७ स्तंभ यांच्यावरून आवाज परतत राहतो तो वेगळाच. अक्षरावर अक्षर चढते, बोलणे कालवले जाते. माणसे दाटीने बसली की अंग आणि कपडे आवाज पितात, मग घुमणे कमी होते.

समोरच्या भाजे लेण्यात इतके घुमत नाही. ते चैत्यगृह लांबीला याच्या निम्मे, आणि त्याची लाकडी दर्शनी भिंत नष्ट झाल्याने आवाज बाहेर निघून जातो. कार्ल्याला मात्र दगडी दर्शनी भिंत आहे.

म्हणून येथे भाषण फसते, पण संथ सुरात, शब्दाचा शेवट लांबवून म्हटलेले त्रिसरण भरून येते. कारागिरांनी हे हेतुपुरस्सर साधले असा दावा मी करणार नाही. पण बुद्धवचन कित्येक पिढ्या मुखोद्गतच चालत आले. ते पाठ म्हणणाऱ्या भिक्खूला 'भाणक' म्हणत. या चैत्यातील एक स्तंभ सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दान दिला आहे. तसा लेख त्या स्तंभावर आहे. सहलीत मुलांना तो स्तंभ जरूर दाखवा. टाळी एकदाच वाजवू द्या आणि ती विरेपर्यंत गप्प राहायला सांगा. एकवीरेच्या दर्शनाची गर्दी वाढण्याआधी पोहोचलात तर ती नीट ऐकू येते.