गोणी आणि विद्यापीठ

पुण्याच्या कर्वे रस्त्यावर एसएनडीटी महिला विद्यापीठाचं आवार आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या या विद्यापीठाच्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आयांना लिहायला-वाचायला शिकवण्याचं काम हाती घेतलं. ज्यांना शिकवायचं त्यांचा दिवस कसा जातो हे कळल्याशिवाय शिकवणार तरी काय? म्हणून पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायणन आणि त्यांचे सहकारी त्या बायांबरोबर कचराकुंड्यांपर्यंत जाऊ लागले. पुढे देशभर नाव झालेल्या एका संघटनेचं मूळ या पायपिटीत आहे.

कुंडीत तेव्हा सगळं एकत्र पडे. शिळा आमटी-भात, फुटकी काच, दाढीची पाती, आणि या सगळ्याच्या तळाशी विकता येईल असा कागद नाहीतर पत्रा. बाई पहाटे निघायची, कुंडीत वाकून हाताने उकरायची, भरलेली गोणी डोक्यावर घेऊन घरी यायची. मग दारात बसून तो ढीग निवडायचा आणि भंगाराच्या दुकानात वजन करून द्यायचा. या कामात बहुसंख्य बायाच, आणि त्याही बहुतेक दलित समाजातल्या. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली कुटुंबं त्यांत पुष्कळ. शहराला त्यांची गरज होती, पण शहर त्यांच्याकडे संशयाने पाही. कुठे काही हरवलं की आधी गोणीवालीला हटकलं जाई.

या बायांच्या हातात जे ज्ञान आहे त्याची मोजदाद अजून नीट झालेली नाही, असं मला वाटतं. निवडणारीला कागद हा एकच पदार्थ दिसत नाही. पांढरा कागद, वर्तमानपत्राची रद्दी, गुळगुळीत मासिकं, तपकिरी पुठ्ठा, प्रत्येकाचा ढीग वेगळा आणि भाव वेगळा, कारण गिरणीत प्रत्येकाचा लगदा वेगळा होतो. पांढऱ्या कागदातून पुन्हा लिहायचा कागद निघू शकतो, पुठ्ठ्यातून सहसा पुठ्ठाच निघतो. प्लास्टिक तर आणखी अवघड. पाण्याच्या बाटलीचं अंग एका प्लास्टिकचं असतं आणि झाकण दुसऱ्या. पाण्यात टाकले तर बाटलीचे तुकडे बुडतात आणि झाकणाचे तरंगतात. दोन्ही एकत्र वितळली की माल बिघडतो, म्हणून झाकण आधी बाजूला. दुधाची पिशवी मऊ, बादली कडक, तेव्हा त्यांचे ढीग निराळे. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिकवर धातूचा चकचकीत थर असतो. ते सुटं करता येत नाही, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक मिळणं मुश्कील. जर्मन (ॲल्युमिनियम) आणि लोखंड हातात घेताच वजनावरून ओळखू येतं. बाकीचं वाकवून, चुरगाळून, त्याचा आवाज ऐकून ठरतं. पॉलिमरची नावं पाठ करणाऱ्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक सकाळ अशा बाईशेजारी बसून काढावी. प्रयोगशाळेत न मिळणारं बरंच काही त्याला तिथे मिळेल.

पण हे सगळं कौशल्य ओलीपुढे हरतं. चहा सांडलेल्या कागदाचा भाव पडतो आणि खरकटं लागलेली पिशवी कोणी घेत नाही. वर्गीकरणाला जितका उशीर, तितका माल कमी आणि हात जास्त घाण. एसएनडीटीच्या कार्यकर्त्यांना कुंडीवर उमगलं ते हेच, आणि त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्टही मी हीच मानतो. त्यांनी निवडण्याची जागा हलवली. आसपासच्या रहिवाशांना त्यांनी सांगितलं, की सुका कचरा वेगळा ठेवा आणि थेट या बाईच्या हातात द्या. काम तेच राहिलं, पण बाईचा दिवस पालटला. उकिरड्यातले तास कमी झाले, माल चांगला मिळू लागला, आणि दार उघडणारं माणूस तिला ओळखू लागलं.

माल चांगला मिळतो म्हटल्यावर तो न्यायला दुसरेही पुढे येतात. एका उद्योजकाने गाडी लावून असाच सुका कचरा गोळा करण्याचा बेत केला, तेव्हा बायांनी विरोध केला आणि रहिवाशांनी त्यांची बाजू घेतली. हक्क टिकवायचा तर एकट्या-दुकट्याने भागणार नाही, हे त्यातून सगळ्यांनाच कळून चुकलं. कचरावेचक बाईचा मुलगा असलेले मोहन ननावरे आणि हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांनी पुढाकार घेतला. मे १९९३ मध्ये पुण्यात परिषद भरली, ८०० हून अधिक कचरावेचक आले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. कचरा वेचणं हे काम आहे आणि ते करणारी बाई कामगार आहे, असं संघटनेचं साधं म्हणणं होतं. १९९५-९६ मध्ये पुणे महापालिकेच्या मान्यतेचं ओळखपत्र मिळालं. संशयाने हटकणाऱ्याला दाखवायला पहिल्यांदाच काहीतरी हाती आलं.

विद्यापीठाचा खरा हातखंडा दिसला तो पुढच्या टप्प्यात. काम दिसतं, पण त्याचं मोल कागदावर आल्याशिवाय महापालिकेच्या सभागृहात ते कोणी ऐकत नाही. २००१ मध्ये एसएनडीटी आणि पंचायत यांनी मिळून भंगाराच्या सगळ्या साखळीचा अभ्यास केला, वेचणारी, भंगारवाला आणि कारखाना. त्यातून निघालं, की एक कचरावेचक दरमहा सुमारे २४६ रुपयांचे श्रम शहराला फुकट देते. सगळ्या कचरावेचकांनी मिळून उचललेला माल महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही, म्हणून वाहतुकीचा खर्च वाचतो, वर्षाला दीड कोटी रुपयांच्या घरात. भीक मागितल्यासारखं बोलावं लागणाऱ्या बायांच्या बाजूने आता हिशेब उभा होता. लवकरच महापालिकेने कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेशी महापालिकेने दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. आज तिचे साडेतीन हजारांहून अधिक सभासद शहरातल्या घरांचा कचरा गोळा करतात.

हा सगळा अनुभव विद्यापीठांच्या आवारांना लागू पडतो. आवारातला कचरा घरच्यासारखा नसतो. झेरॉक्सच्या दुकानाचा, परीक्षा विभागाचा आणि ग्रंथालयाचा कागद इतका स्वच्छ असतो, की वेळेवर वेगळा ठेवला तर निवडणारीला तो सोन्यासारखा. कँटीनच्या कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे साध्या गिरणीला तो चालत नाही. तिथे काचेचा ग्लास परत आणणं हाच उपाय. झाडांचा पालापाचोळा ढिगाने पडतो आणि पुष्कळ ठिकाणी अजून जाळला जातो. खरं तर कँटीनच्या ओल्या कचऱ्यात तोच मिसळला तर खत लवकर आणि वास न येता होतं. वसतिगृहांतल्या सॅनिटरी नॅपकिनचा प्रश्न सर्वांत नाजूक. उघडे पडलेले नॅपकिन हाताळावे लागणं ही कचरावेचक बाईची सर्वांत मोठी तक्रार आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, असं ‘स्वच्छ’ने सुचवलं. लाल पेनाने एक ठिपका काढायला किती वेळ लागतो?

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी विद्यापीठं आणि महाविद्यालयांची गणना मोठ्या कचरा निर्माण करणाऱ्यांत केली, दिवसाला सरासरी १०० किलोच्या वर कचरा असेल तर. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा आणि सुका माल अधिकृत कचरावेचकांना किंवा पुनर्वापर करणाऱ्यांना द्यायचा, असं त्यांत होतं. तरीही बऱ्याच आवारांत रंगीत डबे मांडले जातात आणि संध्याकाळी एकाच टेम्पोत सगळे रिकामे होतात. विद्यार्थी ते पाहतात आणि दुसऱ्या दिवसापासून कुठल्याही डब्यात काहीही टाकतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

डब्यांवर खर्च करण्याआधी आवारात निवडण्यासाठी एक जागा बांधावी. वर छप्पर, खाली कोरडा ओटा, नळ, वजनकाटा, आणि बायांसाठी स्वच्छतागृह. कचरा उचलण्याचं कंत्राट देताना सुक्या मालाच्या विक्रीचा पैसा निवडणारीलाच मिळेल, असं एक कलम त्यात स्वच्छ लिहावं.