मोठ्या फिशटँकचा ओव्हरफ्लो: तीन पाइप आणि शांतता
संप (टँकखालची फिल्टरची टाकी) असलेल्या टँकचा तो सततचा गुडगुड आवाज पाण्याबरोबर पाइपात ओढल्या जाणाऱ्या हवेमुळे येतो. ही हवाच टाळणारी बीनॲनिमल पद्धत मला सगळ्यांत आवडते.

टँकचं पाणी ओसंडून ज्यात पडतं त्या ओव्हरफ्लो बॉक्समध्ये, खाली संपकडे जाणारे तीन पाइप. पहिला पूर्ण सायफन: जवळजवळ सगळं पाणी यातूनच, हवेशिवाय, म्हणून आवाज नाही. त्यावर गेट व्हॉल्व्हच लावा, बॉल व्हॉल्व्हने बारीक सेटिंग जमत नाही. दुसरा पाइप उरलेली बारीक धार नेतो. त्याच्या टोपीला हवेची नळी जोडलेली असते, तिचं तोंड पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या किंचित वर. सायफनमध्ये गोगलगाय किंवा शेवाळ अडकलं की बॉक्समधलं पाणी चढतं, नळीचं तोंड बुडतं, हवा बंद होते आणि हा दुसरा पाइपच सायफन होऊन भार उचलतो. काय सुंदर युक्ती आहे ही! तिसरा पाइप सर्वांत उंच, एरवी कोरडा, फक्त आणीबाणीसाठी. या दुसऱ्या-तिसऱ्या पाइपांवर व्हॉल्व्ह नकोच.

सायफनचं खालचं टोक संपच्या पाण्यात जेमतेम इंचभर बुडवा. खोल गेलं तर सुरुवातीला हवा बाहेर पडत नाही.

लाइट जाऊन पंप थांबल्यावर ६ × २ फुटी टँकचं पाणी १ इंच उतरलं, तरी सुमारे २८ लिटर संपमध्ये येतं. तेवढी जागा रिकामी हवी. संपमधलं पाणी टँकमध्ये परत आणणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंडही पृष्ठभागाजवळच ठेवा, नाहीतर तिथून उलटा सायफन लागतो. चेक व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात कचरा अडकतो. मासे सोडण्याआधी गेट व्हॉल्व्ह मुद्दाम पूर्ण बंद करून दुसरा पाइप तपासून घ्या.