मूलपेशी आणि गिरणगावचे कान

साचेखात्यात उमेदीची वर्षे घालवलेले आजोबा लालबाग-परळच्या घरांतून अजूनही भेटतात. ते टीव्ही मोठ्याने लावतात, पण नातू मोठ्याने बोलला की रागावतात, "ओरडतोस कशाला? नीट बोल!" हा विक्षिप्तपणा नव्हे. त्यामागे शास्त्रीय कारण आहे.

धोट्याच्या साच्यांचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास असे. आठ तासांच्या कामासाठी आपल्या कारखान्यांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. त्या गोंगाटात कामगार हातवारे करून आणि एकमेकांचे ओठ वाचून बोलत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडली. आवाज थांबला, पण गेलेली श्रवणशक्ती परत आली नाही. असे का व्हावे?

आपल्या अंतर्कर्णात शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात जन्मतः सुमारे १५,००० रोमपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्संदेशांत रूपांतर करून त्या ते श्रवणचेतेकडे सोपवतात. सततच्या मोठ्या आवाजाने या पेशी मरतात. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. म्हणून 'स', 'श' यांसारखी व्यंजने हरवतात आणि स्वर तेवढे ऐकू येतात. शब्द मोठा होतो, स्पष्ट होत नाही. आजोबांच्या रागाचे कारण हेच.

कातडी पुन्हा येते, रोमपेशी येत नाहीत. निदान माणसात नाहीत. कोंबडी व लावा या पक्ष्यांत मात्र आवाजाने मेलेल्या रोमपेशी पुन्हा उगवतात, असे १९८८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. मग माणसात बाहेरून नव्या पेशी का रुजवू नयेत? मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, या स्वतःची संख्या वाढवतात आणि वेगवेगळ्या पेशींचे रूप घेऊ शकतात. अस्थिमज्जेतील मूलपेशींपासूनच आपले रक्त तयार होते. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा-प्रत्यारोपण १९८३ साली परळच्याच टाटा स्मारक रुग्णालयात झाले.

रक्ताला जे साधले ते कानाला का साधत नाही? शिरेतून सोडलेल्या मूलपेशी आपली वाट शोधत मज्जेत जाऊन वसतात. कानात तसे होत नाही. तेथे पेशी कठीण हाडातील त्या चिमुकल्या नळीत नेमक्या जागी बसावी लागते, तिथल्या पोटॅशियमयुक्त द्रवात तगावी लागते आणि चेतातंतूशी जोडली जावी लागते. २०१२ साली इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी मानवी मूलपेशींपासून श्रवणचेतेच्या पेशी घडवून त्या जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या कानात रुजवल्या. श्रवणात सरासरी ४६ टक्के सुधारणा झाली. ही मोठी मजल खरी. पण तेथे दुरुस्ती झाली ती चेतेची, रोमपेशींची नव्हे.

म्हणून कुणी आज 'मूलपेशींच्या इंजेक्शनने बहिरेपणा घालवतो' म्हणाला, तर गावची जमीन विकण्यापूर्वी विचार करावा. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचण्यांपुरताच करता येतो.

संशोधन पुढे जाईलच. तोवर आजोबांची श्रवणचाचणी करून घ्यावी, योग्य ते श्रवणयंत्र घ्यावे आणि त्यांच्यासमोर बसून सावकाश बोलावे. ओठ वाचण्याची विद्या ते साचेखात्यातच शिकले आहेत.