पडद्यावरच्या झळा आणि पाण्याखालची दुनिया

डेव्हिड लीन यांच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये (1962) ओमर शरीफ प्रथम दिसतो तो वाळवंटाच्या पार टोकाला. आधी एक काळा ठिपका, मग थरथरणारी तुटक रेघ, आणि बऱ्याच वेळाने उंटावर बसलेला माणूस. छायालेखक फ्रेडी यंग यांनी त्यासाठी 482 मिलिमीटरची लेन्स लावली होती. जॉर्डनची तापलेली हवा आणि ती लेन्स यांच्या जोरावर ते दृश्य उभं राहिलं. आज अशा झळा बहुतेक वेळा संगणकावर, कंपोझिटिंगच्या, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकत्र जोडण्याच्या, टप्प्यावर घातल्या जातात. आणि पुष्कळदा त्या फसतात. सॉफ्टवेअर तर पुरेसं सक्षम आहे, पण प्रकाश नेमका कुठे वळतो, एवढंच विचारायचं राहून जातं.

झळा म्हणजे धूसरपणा, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. हवेचा अपवर्तनांक साधारण 1.0003 असतो आणि तापमान एका अंश सेल्सिअसने वाढलं की तो जेमतेम दहा लाखांत एक भाग इतका घटतो. फरक अगदीच किरकोळ. पण डांबरी रस्त्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा चांगलीच तापलेली असते, आणि दूरच्या खांबावरून येणाऱ्या प्रकाशाला अशा गरम-गार पुंजक्यांतून शेकडो मीटर वाट काढावी लागते. तो सतत किंचित वळत राहतो. खांबाची कड लचकते, तुटते, पुन्हा जुळते. म्हणजे कड आधी जागा सोडते. पुसट होणं ही त्यानंतरची गोष्ट. म्हणून कंपोझिटरला आधी डिस्प्लेसमेंट, म्हणजे बिंदू सरकवणं, लागतं, ब्लर नंतर, तोही चवीपुरता.

डिस्प्लेसमेंटसाठी एक नकाशा लागतो. चित्रातला कुठला बिंदू किती सरकवायचा, हे त्या नकाशाची उजळता ठरवते. नकाशा बहुधा नॉइजचा, म्हणजे उजळ-गडद छटांच्या अनियमित पटाचा, असतो. अशा नॉइजची पायवाट केन पर्लिन यांनी घालून दिली. ‘ट्रॉन’ (1982) या चित्रपटावर काम केल्यानंतर त्यांनी ही पद्धत विकसित केली आणि 1997 साली त्यांना तिच्यासाठी अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये मधला करडा, म्हणजे 0 ते 255 मधला 128, याचा अर्थ ‘हलू नको’. नॉइजची सरासरी त्याहून उजळ किंवा गडद झाली की थरथर बाजूलाच राहते आणि अख्खं चित्र एकीकडे सरकतं. न्यूक या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आयडिस्टॉर्ट या साधनात मात्र ‘हलू नको’चा आकडा शून्य आहे. एका सॉफ्टवेअरची सवय घेऊन दुसऱ्यात गेलेले नवखे इथे हमखास अडकतात. आठ बिटांच्या नकाशात पायऱ्या फक्त 256. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पिक्सेल सरकवायचे म्हटले तर एकेक पायरी जवळजवळ पाऊण पिक्सेलची होते आणि मऊ वळणावर दातेरी टप्पे दिसू लागतात. नकाशा सोळा किंवा बत्तीस बिटांचा ठेवला की हा त्रास मिटतो.

नकाशा तयार झाला की तो सबंध फ्रेमवर पसरायचा, असं अनेकांना वाटतं. त्याची चाचणी घरच्या घरी होते. पेटलेल्या गॅसच्या ज्योतीवरून मागच्या भिंतीकडे पाहावं. टाइल्सच्या रेषा नाचताना दिसतात. आता ज्योतीच्या अगदी मागे, हात भाजणार नाही अशा बेताने, एक लांब उलथनं धरावं. त्याची कड जवळपास स्थिर राहते! प्रकाशकिरण वळतो तो तेवढ्याच कोनातून, पण वस्तू गरम हवेच्या जितकी मागे, तितकी ती जास्त सरकलेली दिसते. म्हणूनच पळत येणारा नायक आणि त्याच्या मागचा डोंगर एकाच मापाने हलले की डोळ्याला खोट लगेच कळते. डेप्थ पास, म्हणजे प्रत्येक बिंदूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर सांगणारी प्रतिमा, हाताशी असेल तर थरथर अंतरानुसार वाढवता येते. नसेल तर हाताने मास्क आखावेत. शिवाय गरम हवा वर चढते, तेव्हा नॉइजही वरच सरकला पाहिजे, आणि वारा असेल तर थोडा तिरका.

रस्त्यावर दिसणारं ‘पाणी’ ही मात्र वेगळी बाब आहे. मृगजळात तापलेल्या थरामुळे आकाशाकडून येणारे किरण वर वळून डोळ्यात शिरतात आणि रस्त्यावर आकाशाचाच तुकडा दिसतो. कितीही नॉइज ओतला तरी ते साधत नाही. क्षितिजावरचा भाग उलटा करून, दाबून खाली बसवावा लागतो, थरथर त्याच्यावर.

पाण्याखालच्या दृश्यांबाबतचा गैरसमज याहून चिवट आहे: निळी छटा द्या, चित्र लाटांसारखं हलवा, झालं. खरं तर कॅमेरा आणि मासा दोघंही पाण्यात असतील तर मध्ये हलणारा पृष्ठभागच नसतो, मग चित्र डुलेल कशाने? पाण्याचा अपवर्तनांक 1.33 असला तरी प्रकाश वळतो तो हवा-पाण्याच्या सीमेवर. काठावरून विहिरीच्या तळाकडे पाहताना किंवा तळातून वर आकाशाकडे पाहताना डुलणं योग्य. वर पाहताना तर सगळं आकाश सुमारे 97 अंशांच्या एका गोल झरोक्यात गोळा झालेलं दिसतं. कॅमेऱ्याची सपाट काच ही दुसरी सीमा. तिच्यामुळे वस्तू मोठ्या आणि जवळ वाटतात, पण थरथरत नाहीत. एक अपवाद आहे. मेक्सिकोच्या युकातान भागातल्या सेनोते नावाच्या विवरांत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, आणि पाणबुडे त्या सीमेवर दोन्ही ढवळतात तेव्हा पाण्याखालीही अगदी झळांसारखं दिसतं.

मग ‘पाण्याखाली’ हे कळतं कशावरून? रंगावरून: पहिल्या दहा मीटरांतच बहुतेक लाल शोषला जातो. उरणारी छटा नेहमी निळीच असते असंही नाही, मालवण-तारकर्लीसारख्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात ती हिरव्याकडे झुकते. अंतरानुसार काळा रंग फिका होत जातो. तरंगणारे कण असतात, वरून उतरणारे किरण असतात, तळावर हलणारी प्रकाशाची जाळी असते. आणि कपडे, केस जडपणे, सावकाश हलतात. गिएर्मो देल तोरो यांच्या ‘द शेप ऑफ वॉटर’च्या (2017) सुरुवातीच्या पाणभरल्या घरात पाण्याचा थेंबही नव्हता. तारांवर टांगलेलं सामान, धूर आणि प्रोजेक्टरमधून सोडलेली प्रकाशाची जाळी, यांवर ते घर बुडालं. जेम्स कॅमेरॉन यांनी ‘अवतार: द वे ऑफ वॉटर’साठी (2022) उलट रस्ता धरला आणि कलाकारांना खऱ्या टाकीत श्वास रोखून उतरवलं, कारण बुडबुड्यांनी मोशन कॅप्चरमध्ये व्यत्यय येत होता.

हे सगळं संगणकामुळेच शक्य झालं, असंही म्हटलं जातं. पण ‘प्रिडेटर’मधला (1987) अदृश्य शिकारी डिजिटल कंपोझिटिंग रुळण्याआधीचा आहे. जंगलाच्या हिरव्यातून वेगळा काढता यावा म्हणून लाल पोशाखातल्या माणसाचं चित्रीकरण झालं, मग तेच जंगल रिकामं आणि अधिक रुंद लेन्सने. ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरची चित्रं एकत्र छापणाऱ्या यंत्रावर, माणसाच्या आकृतीत ते रुंद जंगल भरलं गेलं आणि त्याच्या अंगातून झाडं वाकलेली दिसू लागली.

शेवटी राहतात दोन छोट्या चुका, ज्या चांगल्या शॉटचाही घात करतात. बिंदू सरकताना फ्रेमच्या कडेबाहेरचे पिक्सेल लागतात. ते नसतील तर कडेला काळे दात दिसतात, म्हणून रेंडर थोडा मोठा घ्यावा. दुसरी चूक ग्रेनची, म्हणजे चित्रावरच्या बारीक दाण्यांची. ग्रेन कॅमेऱ्यात तयार होतो, रस्त्यावरच्या हवेत नाही, त्यामुळे त्याने झळांबरोबर पोहता कामा नये. आधी ग्रेन काढायचा, मग विकृती द्यायची, आणि ग्रेन सगळ्यात शेवटी परत घालायचा.